पायवाट आणि आज्ञावली

माणसे सॉफ्टवेअर वापरतात ते ठरवून दिलेल्या पद्धतीने नव्हे, तर आपल्या गरजेप्रमाणे आणि सोयीप्रमाणे. या ‘चुकीच्या’ वापराकडे नीट पाहिले तर आज्ञावली कशी सुधारावी, हे समजू शकते. वारणेच्या ऊसपट्ट्यापासून अकोल्याच्या भातखाचरांपर्यंतच्या अनुभवांचा हा मागोवा.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने बोरघाट चढताना शिंग्रोबाचे एक लहानसे देऊळ लागते. सह्याद्रीचा कडा कोठून उतरावा हे इंग्रज अभियंत्यांना उमगेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने त्यांना आपल्या पायाखालची वाट दाखवली आणि त्याच वाटेच्या आधाराने घाटाची आखणी झाली, अशी आख्यायिका आहे. बक्षीस म्हणून त्याला बंदुकीची गोळी मिळाली, असेही ती सांगते. या कथेत इतिहास किती आणि कल्पना किती, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी तिच्यातील अनुभव खरा आहे. नकाशा आखणाऱ्यापेक्षा रोज चालणाऱ्याला डोंगराचा उतार अधिक कळतो.

संगणकाच्या आज्ञावलींचेही असेच असते. कार्यालयात बसून तज्ज्ञ मंडळी पडद्यावर कोणती कळ कोठे असावी, कोणती माहिती कोणत्या क्रमाने भरावी, हे ठरवतात. हे सॉफ्टवेअर प्रत्यक्ष लोकांच्या हाती पडले, की लोक त्यातून आपली वाट काढतात. काही सोयी कोणी वापरतच नाही, काहींचा भलत्याच कामासाठी उपयोग होतो, तर काही नियमांना वळसा घातला जातो. आता राज्यातील शेतकऱ्याच्या सातबारावरील पिकाची नोंद मोबाइलवरून होऊ लागल्यापासून हा विषय केवळ संगणक कंपन्यांपुरता राहिलेला नाही. अकोले तालुक्यातील डोंगरउतारावरच्या शेतकऱ्याला नुकसानभरपाई मिळेल की नाही, हेही त्यावर अवलंबून असू शकते.

अपेक्षा आणि वापर

अनपेक्षित वापराचे ढोबळमानाने चार प्रकार करता येतील. पहिला, एका कामासाठी दिलेले साधन दुसऱ्याच कामासाठी वापरणे. दुसरा, दिलेल्या अनेक सोयींपैकी एखादीच उचलणे आणि बाकीच्यांकडे पाठ फिरवणे. तिसरा, अडचणीच्या नियमाला बगल देणे. चौथा प्रकार म्हणजे साधनाचा घातक वापर. पहिल्या तीन प्रकारांत वापरणाऱ्याची एखादी अपुरी राहिलेली गरज बहुतेक वेळा दडलेली असते. चौथ्याचा विचार मात्र वेगळ्या रीतीने करावा लागतो.

पहिल्या प्रकाराचे घरगुती उदाहरण म्हणजे एक्सेल. हे सॉफ्टवेअर मुळात आकडेमोडीसाठी तयार झाले. परंतु असंख्य कार्यालयांत ते याद्या आणि नोंदवह्या ठेवण्यासाठीच वापरले जाते. त्यातून एक गमतीदार अडचण उद्भवते. एखाद्या चौकटीत कोणी ‘७/१२’ असे टंकले, तर एक्सेल त्याची तारीख करून टाकते. सातबारा हा जमिनीचा उतारा असतो, हे त्याला ठाऊक नसते. तिरकी रेघ असलेल्या पोटहिश्शाच्या क्रमांकांचीही कधी कधी हीच गत होते. अनुभवी कारकून चौकटीचा प्रकार आधीच बदलून घेतो किंवा आकड्याआधी एक अवतरणचिन्ह टाकतो.

जनुकांवर संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञांनाही नेमका हाच त्रास होत होता. ‘मार्च १’ किंवा ‘सेप्ट २’ यांसारखी जनुकांची लघुनावे तारखा बनून शोधनिबंधांच्या तक्त्यांत शिरत होती. अखेर २०२० मध्ये मानवी जनुकांच्या नामकरणाचे काम पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने अशा जनुकांची नावेच बदलली. हे आपोआप होणारे रूपांतर बंद करण्याची सोय मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये दिली. सॉफ्टवेअरने माणसाची सवय ओळखण्याऐवजी शास्त्राची परिभाषा सॉफ्टवेअरसाठी बदलावी लागली, हे या प्रकरणाचे तात्पर्य.

वारणेचा धडा

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगरचे आहे. तेथील सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प १९९८ मध्ये हाती घेण्यात आला. केंद्र व राज्य सरकार, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र आणि वारणा सहकारी समूह त्यात सहभागी होते. गावोगावच्या संगणक केंद्रांतून शेतकऱ्याला बाजारभाव, पिकांविषयीचा सल्ला, सरकारी योजनांची माहिती आणि पुढे इंटरनेटही मिळावे, अशी मूळ कल्पना होती. त्या काळात या प्रकल्पाची देशभर वाखाणणी झाली.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरू येथील संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी या केंद्रांत प्रत्यक्ष काय चालते, हे पाहिले. संगणक बंद पडले नव्हते, शेतकरीही केंद्रावर येत होते. मात्र त्यांच्या येण्याचे कारण वेगळे होते. उसाची नोंद झाली का, तोडणीचा परवाना कधी निघणार, वजन किती भरले, खताचा हिशेब काय, एवढेच त्यांना हवे होते. ज्या व्यापक माहितीसाठी हा खटाटोप झाला होता तिचा वापर जवळपास होत नव्हता.

यावर दोन उपाय संभवत होते. ‘शेतकऱ्यांत जागृती नाही’ असा निष्कर्ष काढून प्रशिक्षण वर्ग भरवणे हा पहिला. अभ्यासकांनी दुसरा स्वीकारला. शेतकऱ्याला लागणारी माहिती दोन-चार ओळींत मावते, तर त्यासाठी संगणक, त्याची देखभाल आणि जोडणी यांचा खर्च कशाला? त्यांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवर लघुसंदेशाची व्यवस्था करून सुमारे आठ महिने तिची चाचणी घेतली. ठरावीक शब्द लिहून संदेश पाठवला, की कारखान्याच्या दप्तरातील आकडे परत येत. काम तेच राहिले, खर्च मात्र घटला आणि केंद्र उघडे असण्याची वाट पाहण्याचेही कारण उरले नाही. शेतकऱ्याने ज्या सोयीकडे पाठ फिरवली होती, तिनेच पुढील रचनेची दिशा दाखवली.

मिस्ड कॉल ते एम-पेसा

दूरध्वनी कंपन्यांच्या हिशेबी मिस्ड कॉल म्हणजे न झालेला संवाद आणि म्हणून न मिळालेला पैसा. भारतीय ग्राहकाने मात्र त्याला भाषेचा दर्जा दिला. एकदा वाजवून बंद केले की ‘मी खाली उभा आहे’, दोनदा वाजवले की ‘घरी पोहोचलो’, असे संकेत घरोघरी ठरलेले होते. कंपन्यांच्या दृष्टीने ही फुकटेगिरी होती. या सवयीत एक सेवा दडली आहे, हे पुढे काहींच्या लक्षात आले. २०१० मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या ‘झिपडायल’ कंपनीने मिस्ड कॉलवर आधारलेला व्यवसायच उभा केला आणि २०१५ मध्ये ती ट्विटरने विकत घेतली. नगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी २०११ मध्ये लोकपालासाठी जे आंदोलन केले, त्याला पाठिंबा नोंदवण्यासाठीही मिस्ड कॉलचा वापर झाला. खात्यातील शिल्लक विचारण्यासाठी बँकांनी हाच मार्ग पत्करला. ज्याला गळती समजले गेले होते, ती प्रत्यक्षात कमी पैशांत निरोप पोहोचवण्याची गरज होती.

केनियातील एम-पेसाची कथा याहून मोठी आहे. व्होडाफोन आणि सफारीकॉम या कंपन्यांनी ऑक्टोबर २००५ मध्ये तेथे एक चाचणी सुरू केली. लहान कर्जदारांनी कर्जाचे हप्ते मोबाइलवरून भरावेत, एवढाच तिचा हेतू होता. लोकांनी मात्र त्याच व्यवस्थेतून एकमेकांना पैसे धाडायला प्रारंभ केला. प्रवासाला निघताना रोकड सोबत नको म्हणून काहीजण एका गावी पैसे भरत आणि दुसऱ्या गावी काढून घेत. चाचणी घेणाऱ्यांनी याला नियमभंग ठरवले असते, तर प्रकरण तेथेच संपले असते. त्यांनी कर्जफेडीचा मूळ विषय बाजूला सारला आणि मार्च २००७ मध्ये ‘घरी पैसे पाठवा’ या साध्या आवाहनासह एम-पेसा देशभर खुली केली. पुढे मोबाइलवरून पैशांचे व्यवहार म्हटले, की जगभर प्रथम हेच नाव घेतले जाऊ लागले.

ट्विटरवर विषयाच्या शब्दाआधी जाळीचे चिन्ह लावण्याची पद्धतही कंपनीने शोधलेली नाही. क्रिस मेसिना या वापरकर्त्याने ऑगस्ट २००७ मध्ये ती सुचवली, लोकांनी उचलली आणि २००९ मध्ये कंपनीने अशा शब्दांना आपोआप दुवे देण्यास सुरुवात केली. वाट आधी पडली, फरसबंदी मागाहून झाली.

एक संगणक, अनेक हात

आपल्याकडील वापराचे एक वैशिष्ट्य पाश्चात्त्य रचनाकारांना बराच काळ उमगले नव्हते. ‘वैयक्तिक संगणक’ आणि ‘वैयक्तिक फोन’ हे शब्दच एक माणूस व एक यंत्र असे गृहीत धरतात. भारतातील खेड्यांत आणि चाळींत यंत्र एक असते आणि हात अनेक.

सुगाता मित्रा यांनी २६ जानेवारी १९९९ रोजी दिल्लीच्या कालकाजी भागात एका भिंतीत संगणक बसवला. शेजारच्या वस्तीतील मुले घोळक्याने त्यावर शिकली. पडद्यावरच्या बाणाला त्यांनी ‘सुई’ म्हटले आणि काम चालू असल्याचे दाखवणाऱ्या वाळूच्या घड्याळाला ‘डमरू’. पडद्यावरील चिन्हांना कोणत्या नावांनी ओळखावे, याचा निर्णय मुलांनी परस्पर करून टाकला. खेड्यांतील शाळांत मात्र याच घोळक्याची दुसरी बाजू दिसली. पाच-सहा मुलांत माउस धडधाकट किंवा हुशार मुलाच्या हाती राही आणि इतरजण, विशेषतः मुली, नुसते पाहत बसत. बंगळुरूच्या ज्या संस्थेने वारणेचा अभ्यास केला, तिनेच यावर उपाय सुचवला. एकाच संगणकाला अनेक माउस जोडायचे आणि प्रत्येकाला पडद्यावर वेगळ्या रंगाचा बाण द्यायचा. नवे संगणक विकत न घेता प्रत्येक मुलाच्या हाती काही तरी आले.

फोनचेही असेच झाले. एक फोन सारे कुटुंब वापरते, हे पाहून नोकिया कंपनीने २००७ मध्ये बाजारात आणलेल्या १२०० या स्वस्त फोनमध्ये एकाहून अधिक नामसूची ठेवण्याची सोय दिली. वाटून वापरणे ही गरिबीची खूण नसून रचनेसाठी दिलेली माहिती आहे, असा या दोन्ही उदाहरणांचा अर्थ.

अकोल्याच्या खाचरात

हे सारे धडे महाराष्ट्रात आज कोठे लागू पडतात, याचे उत्तर शोधताना ई-पीक पाहणीचा विचार करावा लागतो. सातबारा उताऱ्यातील ‘सात’ म्हणजे गाव नमुना सात. त्यात जमीन कोणाच्या नावे आहे, हे कळते. ‘बारा’ म्हणजे गाव नमुना बारा. त्यात कोणत्या हंगामात कोणते पीक किती क्षेत्रावर होते, याची नोंद असते. पीकविमा, पीककर्ज, हमीभावाने खरेदी आणि अतिवृष्टीनंतरची मदत अशा अनेक ठिकाणी ही नोंद पाहिली जाते. पूर्वी ती तलाठी करीत असे. एका तलाठ्याकडे अनेक गावे, प्रत्येक गावात शेकडो गट. त्यामुळे बांधावर न जाताच पिके लिहिली जातात, ही तक्रार जुनी होती.

त्यावर उपाय म्हणून महसूल व कृषी या विभागांनी टाटा ट्रस्टच्या साहाय्याने मोबाइल ॲप तयार केले. प्रायोगिक टप्प्यानंतर १५ ऑगस्ट २०२१ पासून ते राज्यभर लागू झाले. ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीकपेरा’ हे त्याचे घोषवाक्य. शेतकऱ्याने आपले गाव आणि खाते निवडायचे, गट क्रमांक, हंगाम, पीक, क्षेत्र आणि सिंचनाचे साधन भरायचे आणि शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढायचे. छायाचित्रासोबत त्या जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात.

आता हेच ॲप अकोले तालुक्यात नेऊन पाहू. पूर्वेला प्रवरेच्या काठी ऊस आणि भाजीपाल्याची सपाट शेते आहेत. तेथे ॲपला गृहीत असलेले शेत आणि प्रत्यक्ष शेत बरेचसे जुळते. राजूर ओलांडून भंडारदरा, रतनवाडी, घाटघर या बाजूला गेले, की चित्र पालटते. कळसूबाई आणि रतनगडाच्या कुशीत उतारावर पायऱ्यांसारखी भातखाचरे, वरच्या अंगाला नाचणी, वरई आणि खुरासणी, मध्ये कातळ आणि झाडी. एकाच गटात चार भावांचे चार तुकडे, त्यांतील काही भाग पोटखराब. उपग्रहावरून स्थान ओळखणाऱ्या यंत्रणेला मोकळे आकाश लागते. उंच कड्यांच्या आणि दाट झाडीच्या आडोशाला तिची अचूकता घटते. मोबाइलच्या जाळ्याची तर अनेक वाड्यांवर मारामार. याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना देशी वाणांच्या जतनासाठी २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. जेथे हळव्या आणि गरव्या भाताचे भेद शेतकऱ्याच्या तोंडी असतात आणि बांधावर, परसात अनेक पिके एकत्र नांदतात, तेथे सूचीतील एक नाव निवडणे हेच मुळात सरलीकरण ठरते.

अशा ठिकाणी माणूस काय करील, याचा अंदाज बांधणे कठीण नाही. गावातील स्मार्टफोन असलेला एखादा तरुण दहा घरांच्या नोंदी करील. जाळे मिळते त्या टेकाडावरून किंवा घराच्या ओट्यावरून छायाचित्र घेतले जाईल. मिश्र पिकांतील एकच मुख्य पीक लिहिले जाईल. कागदावर या तिन्ही गोष्टी नियमाला सोडून आहेत. प्रत्यक्षात त्या भूगोलाने आणि गरजेने पाडलेल्या वाटा आहेत.

ॲपची दुसरी आवृत्ती १ ऑगस्ट २०२२ रोजी उपलब्ध झाली. तिच्यातील बदल वाचले, की पहिल्या वर्षी लोकांनी काय केले असावे, हे उलट दिशेने वाचता येते. केलेली नोंद ४८ तासांच्या आत एकदा दुरुस्त करण्याची मुभा मिळाली; याचा अर्थ, घाईत किंवा अनवधानाने चुका होत होत्या आणि त्या सुधारायला मार्ग नव्हता. मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिके नोंदवता येऊ लागली. म्हणजे प्रत्यक्ष शेत ॲपच्या चौकटीत मावत नव्हते. गटाचा मध्यबिंदू ॲपमध्ये भरण्यात आला आणि छायाचित्र त्यापासून दूर काढले जात असेल तर तशी सूचना दिसू लागली. म्हणजे छायाचित्रे शेताबाहेरून येत होती. शेतकऱ्याची नोंद स्वयंप्रमाणित मानून तलाठ्याने केवळ १० टक्के नोंदींची पडताळणी करावी, असे ठरले. गावातील सर्वांची पीक पाहणी गावकऱ्यांना पाहण्यासाठी खुली झाली आणि मदतीची कळही आली. जेथे जाळे नाही तेथे माहिती भरून ठेवावी आणि जाळ्यात आल्यावर ती पाठवावी, ही सोयही डोंगरी भागाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

यांतील छायाचित्राच्या अंतराचा बदल विशेष विचार करण्याजोगा आहे. दूरवरून काढलेले छायाचित्र दोन कारणांनी येऊ शकते. एक, नसलेले पीक दाखवण्याचा प्रयत्न. दुसरे, शेतात जाळे नसणे, गटाचा मध्यबिंदू आपल्या तुकड्यापासून लांब असणे किंवा यंत्रणेनेच स्थान चुकीचे दाखवणे. संगणकाच्या नोंदीत ही दोन्ही छायाचित्रे सारखीच दिसतात. म्हणून आधी केवळ सूचना देणे हा शहाणपणाचा टप्पा होता. नोंद एकदम नाकारली असती तर लबाडाबरोबर डोंगरातला प्रामाणिक शेतकरीही अडला असता.

नोंद नसणे हीसुद्धा माहितीच

ॲप न वापरणे हाही वापराचाच एक प्रकार आहे आणि तो सर्वांत सहज नजरेआड होतो. बाजारात विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरचा ग्राहक नाराज झाला, तर दुसरे सॉफ्टवेअर घेतो आणि कंपनीला तोट्यातून इशारा मिळतो. सरकारी ॲपला दुसरा पर्याय नसतो. तेथे शेतकरी केवळ गप्प राहतो आणि त्याचे शेत दप्तरी पीक नसलेले ठरते.

याची किंमत २०२४ मध्ये दिसून आली. २०२३ च्या खरिपातील कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना राज्य सरकारने हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, मदत जाहीर केली. त्यासाठी ई-पीक पाहणीत नोंद असण्याची अट होती. ज्यांनी पीक घेतले होते परंतु ॲपवर नोंदवले नव्हते, असे शेतकरी मदतीबाहेर राहू लागले. ओरड झाली आणि अखेर सातबारावरील नोंदही ग्राह्य धरून ही अट शिथिल करावी लागली. नोंद नाही म्हणजे पीक नाही, हे समीकरण शेतात टिकले नाही.

पुढे केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाची जोड मिळाली. २०२४ च्या रब्बीपासून राज्यात त्या पद्धतीने पाहणी होऊ लागली आणि शेतकऱ्यांकडून राहिलेल्या गटांची नोंद करण्यासाठी गावपातळीवर सहायक नेमण्यात आले. याकडे ॲपची हार म्हणून पाहण्याचे कारण नाही. गावात दहा घरांच्या नोंदी करणारा तरुण ज्या गरजेपोटी पुढे येतो, त्याच गरजेला व्यवस्थेने अधिकृत रूप दिले, असे त्याकडे पाहता येते. एक यंत्र आणि अनेक हात हे आपल्याकडील जुनेच वास्तव येथेही मान्य करावे लागले.

वाट बुजवावी लागते तेव्हा

लोक करतात ते सर्वच सोयीचे करून द्यावे, असा याचा अर्थ नाही. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. नाथपंथी डवरी गोसावी समाजातील ही माणसे मंगळवेढ्याच्या बाजूची, भिक्षेसाठी फिरणारी. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा त्या काळात मोबाइलवरून देशभर पसरत होती आणि अनेक राज्यांत असेच बळी जात होते.

आलेला संदेश एका बोटाने पुढे ढकलता यावा, ही व्हॉट्सॲपने सोय म्हणून दिलेली गोष्ट होती. तिचा उपयोग खातरजमा न करता भीती पसरवण्यासाठी होईल, हे रचनाकारांच्या मनात नव्हते. त्याच महिन्यात पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दिसू लागली आणि भारतात एका वेळी पाच ठिकाणीच संदेश पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा आली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असा कडक नियम एप्रिल २०२० मध्ये झाला. येथे वापर पाहून वाट रुंद करायची नव्हती, तर तिच्यावर खोडा घालायचा होता. दुःखाची गोष्ट एवढीच, की हे शिकण्यासाठी पाच कुटुंबांची राखरांगोळी व्हावी लागली.

म्हणून कसोटी अशी ठेवता येईल. वळसा घालणाऱ्याचे काम साधते आणि इतरांचे काही बिघडत नाही, तर वाट पक्की करावी. दुसऱ्याच्या जिवावर, हक्कावर किंवा पैशावर ती जात असेल, तर बुजवावी. कोणती वाट कोणत्या प्रकारची, हे मात्र पाहिल्याशिवाय ठरवू नये.

पाहावे कसे?

यासाठी तीन मार्ग रूढ आहेत. पहिला, संगणकात आपोआप साठणाऱ्या नोंदी. लोक कोणत्या पानावर थांबतात, कोठे माघारी फिरतात, कोणती चौकट रिकामी सोडतात, हे त्यांतून कळते. मात्र ‘काय झाले’ एवढेच त्या सांगतात. ‘का झाले’ हे सांगत नाहीत. दुसरा, मदतकेंद्राकडे येणाऱ्या तक्रारी. एकच प्रश्न शंभर जण विचारत असतील, तर चूक शंभर जणांची नसून पडद्याची असते. तिसरा आणि सर्वांत दुर्लक्षित मार्ग म्हणजे प्रत्यक्ष जागी जाऊन शेजारी बसणे. तहसील कचेरीत संगणकाच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी, कारकुनाने समांतर ठेवलेली वही, सेवा केंद्रचालकाने भिंतीवर खडूने लिहिलेला क्रम यांतून सॉफ्टवेअर कोठे अपुरे पडते, हे थेट कळते. वारणेतील निष्कर्षही अभ्यासक केंद्रावर जाऊन बसले म्हणून हाती आले.

या पाहणीला एक मर्यादा मात्र हवी. वापर पाहणे आणि माणसावर पाळत ठेवणे यांत अंतर आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ मध्ये संमत झाला. माहिती कशासाठी घेतली जाते हे सांगणे आणि संमती घेणे, ही त्यामागची मूळ तत्त्वे आहेत. ज्याच्या सवयींवरून आपण शिकतो, त्याला ते ठाऊक असावे, ही किमान सभ्यता आहे.

अडचणीतून मार्ग काढणाऱ्या वापरकर्त्याला अडाणी, आळशी किंवा लबाड ठरवणे सोपे असते आणि तसे ठरवले, की रचनेत काहीच बदलावे लागत नाही. ई-पीक पाहणीसारख्या व्यवस्थेत हा सोपा मार्ग घेण्याची मुभा नाही, कारण तेथील वापरकर्ता व्यवस्था सोडून जाऊ शकत नाही. प्रत्येक हंगाम संपल्यावर ॲप घडवणाऱ्या चमूतील दोघा-चौघांनी रतनवाडी-घाटघरसारख्या गावांत आठवडाभर मुक्काम केला, नोंद राहिलेल्या शेतकऱ्यांची यादी घेऊन त्यांच्या बांधावर जाऊन कारण विचारले आणि मिळालेली उत्तरे पुढील आवृत्तीच्या कामापूर्वी गावासमोर वाचून दाखवली, तर त्यासाठी फार मोठी तरतूद लागणार नाही. पुढच्या अतिवृष्टीनंतर मदतीची यादी लागेल, तेव्हा त्या आठवड्याचा उपयोग किती झाला, हे शेतकऱ्यांना आणि सरकारलाही त्याच यादीत दिसेल.